ऐनातला खिळा

आमचं गाव कोकणात, पण वडिलांचं जंगल मुलुंडला, लाकडाच्या वखारीत. कोकणातून ट्रक भरून ऐन, किंजळ, साग यायचा आणि वडील तो यंत्रकरवतीवर चिरायचे. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत निम्म्या घरांच्या चौकटी आपल्या हातून गेल्या, असं ते सांगत. निम्म्या जरा जास्तच झाल्या. पण भुसा हुंगून ते लाकूड ओळखायचे, हे खरं. मला ते कधी जमलं नाही आणि मी मनावरही घेतलं नाही.

त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. एका ओंडक्याच्या पोटात खिळा होता. करवतीचा पट्टा तुटून उसळला. आमच्याकडे आजार हटेना की झाडात खिळा ठोकत. आजार झाडात अडकतो, माणूस सुटतो. पुढे झाड साल वाढवून खिळा गिळतं, आणि तो सापडतो थेट चिरणाऱ्याला.

गेल्या मे महिन्यात गावाहून काकांचा फोन आला. घराचं छप्पर बदलायचं म्हणून घरामागच्या परड्यातला ऐन तोडायला ठेकेदाराला दिला होता. मी वर्षाचा असताना माझा ताप उतरेना, तेव्हा आईने त्याच ऐनात खिळा मारला होता. कुठे, ते फक्त तिला ठाऊक.

"वयनी, खिळो खंय आसा? ठेकेदार उद्या येतलो."

आई तोंडली चिरत होती. विळी बाजूला सारून म्हणाली, "झाड न्या. खिळा लाकडातच राहू दे. ह्याचा ताप आहे त्यात."

मला हसू आलं. "बेचाळीस वर्षांचा झालोय गं मी!"

"म्हणूनच झालास."

वडील खाली वाकले. विळीच्या धक्क्याने चिरलेली तोंडली जमिनीवर सांडली होती, ती त्या तीन बोटांनी वेचून पातेल्यात टाकू लागले. दोनदा हातातून निसटली. फोनवर काका "हॅलो, हॅलो" करत होते. आई त्या हाताकडे बघत राहिली. माझ्या हसण्याची मला लाज वाटली.

"उगवतीच्या अंगाला," ती फोनमध्ये म्हणाली. "माझ्या छातीएवढ्या उंचीवर. नीट काढा."

दुसऱ्या दिवशी काकांनी गंजक्या खिळ्याचा फोटो पाठवला. आईने तो बघितला नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तेव्हा तिने दारातच माझ्या कपाळाला हात लावला. मी बूट न काढता तसाच उभा राहिलो.