न वाचलेलं शिफारसपत्र

तत्त्वज्ञान शिकायला परदेशात जायचंय, हे मी घरात पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा पप्पा एक ते बहात्तर मोजत होते, त्यामुळे त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

शिवाजी पेठेत आमच्या घराच्या खालच्या खोलीत पप्पांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की ती आमच्याकडं येते. पप्पा आतली जळकी तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार वेढे घेऊन बसवतात. कुठल्या मोटारीला किती वेढे हे ठरलेलं असतं, आणि ते मोजत असताना पप्पांशी कुणी बोलायचं नाही हा घरचा कायदा. चौथीत असताना मी शाळेतून पळत येऊन ‘पप्पा, पहिला नंबर!’ म्हणून ओरडले होते. त्यांनी मान वर न करता ‘सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस’ म्हणत मला बोटानं बस म्हणून खुणावलं. मी गाल फुगवून बसले. मोजणी संपल्यावर मात्र मला खांद्यावर घेऊन त्यांनी अख्ख्या गल्लीत मिरवलं होतं.

तर त्या दिवशीही बहात्तर झाले, तार कापली, आणि मग ते म्हणाले, “हां, काय म्हणत होतीस?”

“स्कॉटलंडला जाणार. तत्त्वज्ञान शिकायला.”

“ते हितं शिकवत न्हाईत व्हय?”

शिकवत होते की! कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्ही तत्त्वज्ञानाला अकरा जणी होतो, दुसऱ्या वर्षाला तीन आणि शेवटच्या वर्षाला मी एकटी. एका विद्यार्थिनीसाठी फळा कशाला, म्हणून सर व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून शिकवायचे. शिकवायचे कसले, भांडायचे. मीही काही कमी नव्हते. शिपाईमामा दोनदा बघून गेले होते, मारामारी तर होत नाही ना म्हणून. वर्गात सर अगदी पुस्तकी मराठी बोलत. चिडले की मात्र त्यांच्यातला नेसरी गावचा माणूस बाहेर यायचा आणि मग मला खरी मजा यायची.

आमचं सगळ्यात मोठं भांडण माझ्या निबंधावरून झालं. अर्जासोबत एक मोठा निबंध पाठवायचा होता. माझा प्रश्न होता: एखादं वचन मोडलं तर कुणाला कधीच कळणार नसेल, तर ते पाळायचं कशासाठी? माझं म्हणणं, पाळायचंच. कळण्या न कळण्याशी त्याचा संबंध नाही. सरांचं म्हणणं, वचन हा दोघांतला व्यवहार आहे, समोरच्याला पत्ताच नसेल तर तुटलं काय नि राहिलं काय. सहा महिने आम्ही यावर घासाघीस केली. सर निवृत्त होऊन गावी शेतीवर गेले तरी फोनवर वाद चालूच. त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं, पण तो प्रश्न मला पुस्तकातून सुचलाच नव्हता. तो पप्पांच्या दुकानात सुचला होता. मोटारीत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार भरली तर स्वस्तात पडते, आणि एकदा वरून व्हार्निश मारून झाकण बंद केलं की आत काय आहे ते कुणाच्या बापाला दिसत नाही. पप्पा तांबंच भरतात. का भरतात, याचं उत्तर शोधता शोधता माझी तीस पानं झाली.

अर्ज भरताना मी अक्षरशः हवेत होते. जेवताना आईला ज्ञानमीमांसा समजावून सांगायची, तर ती म्हणायची, आधी भात घे. तालमीतल्या एका काकांना वाटलं मी तिकडच्या लोकांना अध्यात्म शिकवायला चाललेय. ते म्हणाले, शिकव बाई, त्यांना गरज हाय. मला कशाचाच राग येत नव्हता. आणि माझ्यासारखीला राग न येणं म्हणजे काय, हे आमच्या घरी विचारा.

उरलं होतं ते फक्त शिफारसपत्र. ते सरांनीच द्यायला हवं होतं, दुसरं मला ओळखतंय कोण? मी फोन केला. सर म्हणाले, “तूच लिहून पाठीव. मी माझ्या नावानं त्यांच्या साईटवर चढवतो.”

यात मला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं अशीच पद्धत आहे. साहेबांना, सरांना वेळ नसतो. ज्याला पत्र हवं त्यानं मसुदा आणायचा, त्यांनी सही करायची. मी बसले लिहायला. स्वतःचं कौतुक इंग्रजीत करायचं म्हणजे काय ताप! पहिला मसुदा शाळेच्या दाखल्यासारखा झाला, वर्तणूक चांगली वगैरे. दुसरा श्रद्धांजलीच्या सभेतल्या भाषणासारखा. पप्पा वरून वाकून म्हणाले, “लिही की, अख्ख्या कोल्हापुरात असली पोरगी न्हाय म्हणून.” तिसऱ्या मसुद्यात मी मोकळी सुटले. ‘माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात इतकी तल्लख विद्यार्थिनी मी पाहिली नाही,’ असं मी सरांच्या वतीनं लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, वाचून मलाच भरून आलं. सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, “झ्याक. उद्या चढवतो.”

त्याच संध्याकाळी मी अर्जाचं शेवटचं पान उघडलं. तिथं एक चौकोन होता. शेजारी लिहिलं होतं की हे पत्र शिक्षकांनी स्वतः लिहिलेलं आहे, मी ते पाहिलेलं नाही आणि पुढंही पाहणार नाही, असं मी वचन देते. चौकोनात खूण करायची, की अर्ज पुढं जाणार.

माझं बोट तिथंच थांबलं. कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. आणि याच अर्जाला माझा तीस पानांचा निबंध जोडलेला होता! मला आधी हसू आलं आणि मग ते विरलं. सरांना फोन लावला, उचलेनात. चार वेळा, पाच वेळा. सर फोन घरात ठेवून रानात जातात हे मला माहीत होतं, पण तेव्हा धीर कुणाला होता?

खाली दुकानात गेले. पप्पा व्हार्निशचा ब्रश मारत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग कर की खूण. सगळीच असं करत्यात. कोण बघाय येतंय?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “मग तुम्ही अॅल्युमिनियम का भरत नाही? मोटार उघडून कोण बघाय येतंय?”

पप्पांचा ब्रश थांबला. आवाज चढवून मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते असं नाही, उलट रोज बोलते. पण या वेळी ते लागलं. त्यांनी तो डब्यात ठेवला. मग म्हणाले, “नेसरीची पहिली एसटी कितीला हाय बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसले. उसाचा हंगाम होता. गाडी एका उसाच्या ट्रॉलीमागं अडकली, तिला ओलांडलं की पुढं दुसरी, तिला ओलांडलं की तिसरी. ट्रॅक्टरवर गाणी जोरात लागलेली. मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते, कारण सरांनी पत्र चढवलं की मला निरोप येणार होता. एकदा पत्र चढलं की ते परत घेता येत नाही. एका ट्रॉलीवाल्याला मी खिडकीतून डोकं बाहेर काढून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, “कोण आजारी हाय व्हय गं?” मी म्हटलं, “पत्र परत घ्यायचंय.” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी प्रेमपत्राच्या भानगडीत आहे, आणि मग गडहिंग्लजपर्यंत मला समजावत राहिल्या.

दुपारी नेसरीत सरांच्या गोठ्यापाशी पोचले, तर सर म्हशीला वैरण टाकत होते. कॉलेजातली इस्त्री नाही, कोट नाही. हाफ पॅंट आणि बनियन. मी धापा टाकत विचारलं, “सर, पत्र चढवलं?”

“सकाळधरनं रेंज न्हाय. जेवून चढवतो. एवढ्यासाठी आलीस व्हय?”

जीव भांड्यात पडला. “चढवू नका. मी लिहिलेलं पत्र नको. तुम्ही लिहा.” आणि चौकोनाचं सगळं सांगितलं.

“अगं, सगळी असंच करत्यात,” सर म्हणाले. “कुणाला कळणार हाय?”

“सर! तुम्ही मला नीतिशास्त्र शिकवलंत!” मी इतक्या जोरात ओरडले की म्हशीनं खाणं थांबवलं.

सरांनी हातातली वैरण खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, “मला गोड गोड लिहाय येत न्हाय गं. तिकडच्या लोकांना कसं पत्र लागतंय ते मला ठावं न्हाय. माझ्या पत्रापायी तुझं नुकसान झालं तर? म्हणून म्हटलं तू लिही.”

तीस वर्षं शिकवलेला माणूस माझ्यासाठी घाबरला होता. मला एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. “होऊ दे नुकसान,” मी म्हटलं.

“मी खरं लिहीन. भांडखोर हाय म्हणून लिहीन.”

“लिहा!”

त्यांनी खिशातून फोन काढला, माझ्यासमोर माझी ती सुंदर फाईल पुसून टाकली आणि म्हणाले, “चल, जेवून घे.” तव्यावरची गरम भाकरी आणि झुणका खाऊन मी परतीची गाडी धरली. दोन दिवसांनी निरोप आला की पत्र पोचलं. मी चौकोनात खूण केली.

मुलाखत स्कॉटलंडच्या सकाळी, म्हणजे आमच्या दुपारी होती. नेमका त्याच दुपारी पेठेतल्या संघाचा फुटबॉल सामना! गोल झाला की फटाके. पडद्यावर एक बाई आणि एक गृहस्थ. पहिल्याच फटाक्याला बाईंनी विचारलं, तिकडं सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, उत्तम आहे, आम्ही एका गोलनं पुढं आहोत.

मग बाई म्हणाल्या, “तुमच्या सरांचं पत्र वेगळंच आहे. ते लिहितात की आधी त्यांनी तुम्हालाच पत्र लिहायला सांगितलं, आणि तुम्ही लिहिलंत. खरं आहे?”

माझे कान गरम झाले. संपलं, म्हटलं. सरांनी खरं लिहीन म्हटलं होतं, पण इतकं खरं? “हो,” मी म्हटलं. “खरं आहे.”

“कसं होतं तुम्ही लिहिलेलं पत्र?”

“फार छान होतं,” मी म्हटलं, कारण तेही खरंच होतं. दोघंही मोठ्यानं हसले.

“मग परत का घेतलंत?”

आणि मी सुटले. निबंध बाजूला राहिला. मी त्यांना मोटार सांगितली, तांबं सांगितलं, बहात्तर वेढे सांगितले, म्हैस सांगितली. ते गृहस्थ सरांच्या बाजूनं वाद घालायला लागले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच. अर्ध्या तासाची मुलाखत तासभर चालली. माझ्यासारखं भांडणारी माणसं जगात आणखीही आहेत, आणि त्यांना विद्यापीठात त्यासाठी वेगळी खोली असते, पगार असतो! शेवटी बाई म्हणाल्या, “पत्रातलं एवढंच विचारणं मला भाग होतं. बाकीचं तुम्ही न बघण्याचं कबूल केलंय.”

मी लगेच सरांना फोन लावला. “सर, ते कशाला लिहिलंत? नाही घेतलं मला तर?”

“कुठलं पत्र?” सर म्हणाले. “तू बघायचं न्हाय असं ठरलंय न्हवं? मग इचारू नको. आणि तुझा निबंध बरोबर हाय. ठेवतो, म्हशीला पाणी दावायचं हाय.”

सहा महिन्यांचं भांडण असं एका वाक्यात संपलं, आणि मला चिडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी निरोप आला. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उडी मारत खाली दुकानात गेले. पप्पा एकोणचाळीसवर होते.

चाळीस. एक्केचाळीस. मी दारात उभी, फोन छातीशी धरलेला, तोंडात बातमी. कायदा म्हणजे कायदा. पन्नासच्या आसपास त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मोजताना त्यांनी वर बघितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग परत खाली बघून मोजत राहिले. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर.

“बोल.”

“मिळाला! सगळं मिळालं पप्पा!”

तार ठेवून ते उठले. डोळे पुसले, हात पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग परत खाली बसले आणि आत्ता घेतलेले सगळे वेढे उलटे सोडवायला लागले.

“हे काय करताय?”

“मधी तुझ्या तोंडाकडं बघितलं. पन्नास झालं हुतं का एक्कावन्न, ध्यानात न्हाय.”

मला हसू आवरेना आणि रडूही. “पप्पा, एका वेढ्यानं काय होतंय? कुणाला कळणार हाय?”

पप्पांनी तार सोडवता सोडवता माझ्याकडं बघितलं. “हेच लिहून पाठीवलंस व्हय तिकडं?”

आणि त्यांनी एकपासून मोजायला सुरुवात केली. मी समोरच्या स्टुलावर तोंड मिटून बसले. बहात्तर होईपर्यंत आईलासुद्धा हाक मारता आली नाही.