मैकूलालची शोकसभा

सहजनपुरात माणूस किती मोठा होता हे तो मेल्यावर कळतं. म्हणजे त्याच्यासाठी किती ठिकाणी शोकसभा झाली, त्यावरून. नगरपालिका, वकिलांचं मंडळ, व्यापार मंडळ, रामलीला समिती आणि आमचं सेठ बद्रीदास इंटर कॉलेज, अशा पाच संस्था या गावात आहेत. पाचही ठिकाणी सभा झाली की घरचे लोक रडतानासुद्धा जरा ताठ बसतात. तीन ठिकाणी झाली तरी सोयरिकी अडत नाहीत. नळावरच्या भांडणात बायका एकमेकींना सुनावतात, "जा गं, तुझ्या नवऱ्यासाठी रामलीलावालेही उभे राहायचे नाहीत."

त्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं हिंदी शिकवली, आणि गावातले बहुतेक दुखवट्याचे ठराव माझ्याच हातचे. त्रिलोकीनाथ अवस्थीने ठराव लिहिला तर मेलेला उठून बसेल, असं लोक म्हणायचे. नगरपालिकेचे बाबूसुद्धा कागद घेऊन घरी यायचे, आणि मी मिशीला पीळ देत "उद्या या" म्हणायचो. त्या मिजाशीची आता मला लाज वाटते. ती ज्याच्यामुळे वाटते तो मैकूलाल, आमच्या कॉलेजचा शिपाई.

अंगाने काटकुळा. आधीच्या प्राचार्यांनी टाकलेला खाकी कोट घालायचा, तो त्याच्या गुडघ्यांपर्यंत यायचा. अंगणातल्या कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी सळईने टोले देणं हे त्याचं मुख्य काम. वर्गात मी एखाद्या दोह्याच्या मध्यावर असलो तर तो खिडकीतून बघायचा आणि अर्धा मिनिट थांबायचा. गणिताचे मास्तर पोराला झोडपत असले तर अर्धा मिनिट आधीच टोला द्यायचा. हे मला ठाऊक होतं. त्याबद्दल त्याला एक शब्दही मी कधी बोललो नाही. सगळे त्याला "अरे मैकू" म्हणायचे. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पण मीही तेच म्हणायचो.

शोकसभेत मात्र मैकूचा थाट असायचा. सतरंज्या तो अंथरायचा, फोटो पुसून हार तो घालायचा. सगळे उभे राहिले की तो कडुनिंबाखाली जाऊन दोन मिनिटं मोजायचा आणि मग एकच टोला द्यायचा, अगदी हळू, पान पडावं तसा. तो टोला पडेपर्यंत प्राचार्यसुद्धा मान वर करायचे नाहीत. नंतर ठरावाची वही फिरायची. मास्तर सह्या करायचे, शिपाई-माळी अंगठे उठवायचे. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात मैकूचा अंगठा आडवा कापला गेला होता, म्हणून त्याच्या ठशावर मधोमध पांढरी रेघ उमटायची. आमचा कारकून म्हणायचा, "बाकीच्यांचे अंगठे, मैकूची सही आहे."

त्या वर्षी डिसेंबरात मैकू पिवळा पडला. काविळीवर गावात झाडपाला झाला, वैद्य झाला, शेवटी बायको त्याला लखनौच्या इस्पितळात घेऊन गेली. अकराव्या दिवशी सकाळी लखनौच्या बसचा कंडक्टर तहसिलीसमोरच्या पानाच्या टपरीवर सांगून गेला, की मैकू गेला. कंडक्टर आपल्या मेहुण्याला बघायला त्याच वॉर्डात गेला होता. मैकूच्या खाटेवर डोक्यापर्यंत चादर ओढलेली होती आणि बाहेर मैकूची बायको रडत बसलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या तासाला बातमी कॉलेजात आली.

प्राचार्य सक्सेनाजींनी मला बोलावून घेतलं.

"वाईट झालं, अवस्थीजी. काय करायचं?"

मास्तर गेला तर शोकसभा आणि अर्धा दिवस सुट्टी, संस्थेच्या मॅनेजरसाहेबांच्या घरचं कोणी गेलं तर पूर्ण दिवस, असा आमचा रिवाज. नोकरीत असताना शिपाई मरायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे रिवाज नव्हता. सक्सेनाजी भला माणूस. मी म्हटलं असतं तसं त्यांनी केलं असतं. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "सर, उद्यापासून सहामाही परीक्षा. आता पोरांना अंगणात बसवलं की ती सुट्टी मागणार. परीक्षा होऊ द्या, मग बघू."

"तेही खरंच."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "आणि मैकूवर लिहायचं तरी काय? घंटा वाजवायचा, संपला ठराव."

सक्सेनाजी हसले. मीही हसलो. माळ्याने चहा आणला, त्यातला निम्मा बशीत सांडलेला होता. "मैकू असता तर," असं म्हणून सक्सेनाजींनी बशीतला चहा कपात ओतला. कॉलेजने मैकूचा दुखवटा पाळला तो एवढाच.

परीक्षा होती हे खरं. पण त्याच्यावर लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं, हे जास्त खरं. त्याचं गाव कोणतं, बायकोचं नाव काय, पोरं किती, मला काहीही माहीत नव्हतं. रेल्वे फाटकापलीकडे पासी टोल्यात, म्हणजे पासी जातीच्या वस्तीत तो राहायचा, कॉलेजपासून पंधरा मिनिटांवर. तिथे त्याचा भाऊ होता. कोणी दोन शब्द बोलायला जरी गेलं असतं तरी मैकू जिवंत आहे हे त्याच दिवशी कळलं असतं. कोणी गेलं नाही. परीक्षा संपल्या, निकाल लागले, आणि विषय पुन्हा कोणी काढला नाही.

जानेवारीच्या धुक्यात एका सकाळी टोला पडला तो जुन्या हाताचा होता. वर्गात माझा खडू थांबला. बाहेर आलो तर कडुनिंबाखाली खाकी कोट, आणि आतला माणूस आणखी निम्मा झालेला. माळी लांब उभा राहून थरथरत होता.

"अरे, ये की जवळ," मैकू त्याला म्हणत होता. "भुताला कधी काविळीचं पथ्य असतं का?"

झालं होतं असं, की खिडकीजवळची खाट गार पडते म्हणून मैकूला आतल्या खाटेवर हलवलं होतं, आणि त्याच्या जागी आलेले हरदोईचे एक म्हातारे त्याच रात्री गेले.

"पण तुझी बायको रडत होती म्हणे," कारकून म्हणाला.

"रडेल नाही तर काय? तिच्या नव्या चपला चोरीला गेल्या होत्या."

सगळे पोट धरून हसले. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो.

दोन दिवसांनी चौथ्या तासाला मी मास्तरांच्या खोलीत एकटाच उन्हाला बसलो होतो. मैकू आला. त्याच्या हातात पेढ्यांचा द्रोण होता. दाराबाहेर त्याची बायको डोक्यावरून पदर पुढे ओढून भिंतीशी बसली.

"मास्टरसाहेब, एक विचारू?"

"विचार."

"टपरीवर कळलं, मी मेलो होतो. मग माझी झाली का?"

"काय?"

"शोकसभा."

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तो पेढे घेऊन उभा होता आणि बाहेरच्या पदराची हालचाल थांबली होती. माझ्या तोंडून निघालं, "झाली की."

"सगळे उभे राहिले?"

"सगळे."

"दोन मिनिटं?"

"पुरती दोन."

"आणि टोला कोणी दिला?"

"माळ्याने."

मैकूच्या कपाळाला आठी पडली. "तो हाणतो हो. तो टोला हळू द्यायचा असतो." मग जरा थांबून, "सुट्टी?"

"अर्धा दिवस."

मैकू खाली बसला. चौतीस वर्षांत मास्तरांच्या खोलीत त्याला कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. "अर्धा दिवस," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "ऐकलंस का गं? मास्तरांइतकी."

इथे मी उठून कसलंतरी निमित्त काढून जायला हवं होतं. पण तो आधीच उठला, कपाटातून ठरावाची वही काढली आणि कोटाच्या बाहीने पुसून माझ्यासमोर ठेवली.

"आता वाचून दाखवा. माणसाला आपल्यावरचं कधी ऐकायला मिळत नाही, मास्टरसाहेब. इतक्या जणांचं मी त्या झाडाखाली उभं राहून ऐकलं. दर वेळी वाटायचं, ज्याच्यावर लिहिलंय तोच तेवढा ऐकायला नाही. मी नशिबाने राहिलो. हिलाही म्हटलं, चल, तुझा नवरा कोण होता ते ऐक."

मी वही उघडली. शेवटचा ठराव होता तो मॅनेजरसाहेबांच्या आईचा, नोव्हेंबरातला. त्यानंतर कोरं पान. कोऱ्या पानावरून वाचायची हिंमत नव्हती, नजरेला ओळी हव्या होत्या. मैकूला अक्षर येत नाही हे मला माहीत होतं, आणि मी त्या माहितीचा फायदा घेतला. म्हातारीचाच ठराव मी वाचायला लागलो. "पूज्य मातोश्री" आलं तिथे म्हटलं "आमचे मैकूलालजी". मैकूलालजी. त्याच्या नावापुढे "जी" मी पहिल्यांदाच लावला, आणि तोही खोट्या कागदावरून.

"मैकूलालजींची या कॉलेजच्या विटेविटेवर माया होती," मी वाचलं. "त्यांच्या जाण्याने हे अंगण पोरकं झालं. ते कधी कोणाला उलटून शब्द बोलले नाहीत." दानधर्माची ओळ मी गाळली, काशीयात्रेची गाळली. आवाज आपोआप चढत गेला, सभेत चढतो तसा. हात जोडून, डोळे मिटून मैकू ऐकत होता. बाहेरून नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत होती, आणि या वेळी चपलांसाठी नाही.

वाचून संपलं. मैकूने डोळे पुसले.

"जरा बघू का? वाचता येत नाही, पण बघतो."

तो पानावर वाकला. वरच्या ओळींवरून त्याने बोट फिरवलं, मग खालच्या सह्यांवरून. सक्सेनाजींची, माझी, गणिताच्या मास्तरांची. त्याखाली अंगठे. माळ्याचा, झाडूवालीचा, आणि शेवटी एक निळा ठसा, मधोमध आडवी पांढरी रेघ असलेला.

त्याने बोट तिथेच ठेवलं. मीही तो ठसा तेव्हाच पाहिला. उडी मारायला विहीर मिळाली असती तर मी मारली असती. मैकूने आपला अंगठा उलटा करून पाहिला, पुन्हा पानाकडे पाहिलं.

मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या सभेला मीपण उभा होतो वाटतं, मास्टरसाहेब."

माझी नजर द्रोणावर होती.

त्याने वही मिटली. दाराकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंस ना? खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. प्राचार्यांचीही आहे. चल, ऊठ आता." वही त्याने कपाटात जागच्या जागी ठेवली, कोटाची बटणं लावली आणि पाचव्या तासाचा टोला द्यायला गेला. टोला वेळेवर पडला, ना आधी, ना नंतर. त्यानंतरची चार वर्षं, तो निवृत्त होईपर्यंत, माझ्या तासाचे टोले असेच काट्यावर पडत राहिले. दोहा मध्यावर असला तरी.

पाचव्या तासानंतर सक्सेनाजी आणि बाकीचे मास्तर खोलीत आले. पेढे बघून सक्सेनाजींनी विचारलं, "मैकूने आणले वाटतं? सभेचं काही विचारत नव्हता ना तो?"

"विचारलं," मी म्हणालो. "झाली म्हणून सांगितलं. खूश झाला."

"बरं केलंत, अवस्थीजी. तुम्हीच सांभाळू शकता असलं काही."

त्यांनी द्रोण माझ्यापुढे धरला. त्यातला एक पेढा मीही खाल्ला.