तो सामना मी ठरवलाच नव्हता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि रोज फोनवर माझं डोकं खाणाऱ्या मैत्रिणीला तर मुळीच नाही — तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

आधी एक कबूल करते, मी गर्विष्ठ बाई आहे. आणि का नसावं? नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात — हो, खरंच नाव आहे ते — मी दिवसभर इंजिनिअर असते, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी शेजारच्या आइंडहोवनला विद्यापीठाच्या क्लबमधल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच. मी पाच फूट दोन इंच. मी शिट्टी मारली की सहा-सहा फुटांच्या डच पोरी मुकाट धावायला लागतात! पुण्यात सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले, त्याचं हे फळ. आईला मात्र अजून वाटतं की मी तिकडे मुलींना कवायत शिकवते.

तर आमच्याकडे लीग सुरू होण्याआधी काही सरावसामने असतात. लीगचे सामने कुणाशी, ते वरून ठरून येतं. सरावाला कुणाला बोलवायचं, ते मात्र कोचच्या हातात. बोलवावं कुणाला? आपल्याहून तगड्या संघाला की जरा कच्च्या? यावर कोच लोक तासभर भांडू शकतात. मी कच्च्यावाली. पुण्यातले आमचे सर तसेच होते — आधी छोट्या स्पर्धा मारायच्या, कप घरी आणायचे, मग पोरी आपोआप खेळतात. मला हरायला आवडत नाही, अगदी पत्त्यातसुद्धा. तत्त्व वगैरे मी नंतर चिकटवलं — खरं तर भीती होती. कळतंय ना?

माझी कॅप्टन होती मृण्मयी. नीउ-व्हेनेप नावाच्या डच गावात वाढलेली, आईवडील आपले मराठी. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मराठी शब्द तिच्या तोंडून एकच यायचा, ‘मावशी’, तोही आसपास कुणी नसताना. तिचं म्हणणं माझ्या अगदी उलट. दरवर्षी सरावात सगळ्यांना हरवतो आणि लीगच्या पहिल्याच महिन्यात सपाटून मार खातो, मग त्या जिंकण्याचा उपयोग काय? एकदा हे तिनं सगळ्या संघासमोर विचारलं. मी हसले. “मृण्मयी, तू खेळ. विचार करायला मी आहे,” असं म्हणाले, तेही इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळावं. तिचे कान लाल झाले. पण पुढच्या आठवड्यात ती तेच पुन्हा म्हणाली. चिवट पोरगी.

आता खरं सांगायचं तर… थांबा, आधी विमचं सांगते. विम हा लीगमध्ये आमच्या दोन पायऱ्या वर खेळणाऱ्या एका संघाचा कोच. कोच लोकांच्या एका शिबिरात भेटला. म्हणाला, आमच्याशी खेळा की. मी काय म्हणाले असेन? आपण पुण्यात काय म्हणतो? “हो हो, नक्की करू या एकदा!” रस्त्यात कुणी भेटलं की “या एकदा घरी” म्हणतो ना, तसं. ते बोलावणं नसतं, निरोप असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. विमनं विचारलं, शनिवार चालेल? मी म्हटलं, शनिवार तर उत्तमच! त्यानं खिशातून डायरी काढली तेव्हाही मी हसतच होते. नंतर त्याची मेलही आली. मी उघडली नाही.

एका शनिवारी आमचा नेहमीचा सराव चालू होता आणि हॉलच्या दारातून एकापाठोपाठ एक उंच पोरी आत यायला लागल्या. मागून विम, दोन्ही हात पसरून. त्या क्षणी “अरे, माझी चूक झाली” म्हणायला काय लागतं? दोन शब्द! पण मुली माझ्याकडे बघत होत्या — आणि मृण्मयीचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. तिला वाटलं, मावशीनं माझं ऐकलं. मी हाताची घडी घातली आणि म्हणाले, “मुद्दाम बोलावलंय. बघू या किती दम आहे.”

धुव्वा उडाला आमचा. त्यांचे शंभर पार झाले, आमचे तिसावर अडकले. शेवटी शेवटी आमच्या मुली चेंडू हातात आला तरी घाबरत होत्या. दोघी रडत घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यांनी क्लबकडे तक्रार केली की आम्हाला जाणूनबुजून तोंडघशी पाडलं. क्लबच्या समितीनं मला बोलावलं. हा सामना ठरवला कुणी?

हेच ते. इथेच. मी म्हणाले, कॅप्टननं हट्ट धरला होता. मी फार ताणलं नाही.

सोपं होतं हो. तिची मागणी सगळ्यांनी ऐकलेली होती. समितीनं तिला विचारलं तर ती काय म्हणाली? हो, मलाच असे सामने हवे होते. तिच्या लेखी ते खरंच होतं — तिनं मागितला, मावशीनं दिला! तिचं कॅप्टनपद काढून घेतलं, संघात शांतता राहावी म्हणून. त्या संध्याकाळी ती सायकलचं कुलूप काढता काढता मला म्हणाली, “थँक्स मावशी, ॲट लीस्ट यू लिसन्ड.” मी म्हटलं, सांभाळून जा.

आणि मग माहितीये काय झालं? आम्ही जिंकायला लागलो! विमच्या पोरींपुढे उभं राहून आल्यावर लीगमधल्या कुणाचीच भीती उरली नव्हती. पास झटपट जायला लागले, कुणी अंगावर आलं तरी आमची मुलगी मागे हटेना. आणि मृण्मयी! कॅप्टनपद गेलं तरी हॉलमध्ये सगळ्यात मोठा आवाज तिचाच. शेवटच्या सामन्यात तिनं ज्या तऱ्हेनं चेंडू हिसकावून घेतला, ते आठवलं की आजही माझी छाती फुगते. आम्ही वरच्या गटात गेलो. अभिमान आहे मला त्या पोरींचा, आणि तो मी कुणासाठी कमी करणार नाही. त्या सोडून गेलेल्या दोघींना मात्र मी कधी मोजत नाही, हेही लिहून ठेवते.

क्लबच्या मासिकात माझी मुलाखत आली. तुमची पद्धत काय? मी सांगितलं, लीगच्या आधी नेहमी आपल्याहून तगड्यांशी खेळायचं, हे माझं जुनं तत्त्व. जुनं! हरलो तेव्हा सामना मृण्मयीचा होता, जिंकलो तेव्हा माझा. आता क्लबमधले सगळे संघ तसंच करतात. त्याला माझ्या नावानं ‘शुभदाची पद्धत’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला छान वाटतं.

गेल्या महिन्यात नव्या कोच लोकांसमोर मी यावरच बोलले. मृण्मयीही होती, शिक्षण संपवून ती आता हूफडॉर्पला नोकरी करते आणि तिथल्या लहान मुलींना शिकवते. एकानं विचारलं, ही कल्पना मुळात आली कुठून? ती समोरच बसलेली. दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, पुण्याहून, आमच्या सरांकडून. सगळ्यांत आधी टाळ्या तिनं वाजवल्या. नंतर जवळ येऊन तिनं मला मिठी मारली, आणि मी मारू दिली.

कल्पना तिची होती. सामना माझ्या बेफिकिरीतून घडला. शिक्षा तिनं भोगली. हे तिला सांगितलेलं नाही. तिला मराठी ऐकून सगळं समजतं, फक्त वाचता येत नाही. म्हणून तर मी हे लिहिलं.