अकरा मेंढरं

पदोन्नतीच्या फायलीत माझा एक शोधनिबंध कमी पडत होता. तेवीस वर्षं शिकवलं, पोरं अजून नाव काढतात, पण त्याला कोण विचारतो? छापलेलं दाखवा, मग प्राध्यापक व्हा. नेमकं त्याच आठवड्यात माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीने प्रबंधाचं तिसरं प्रकरण तपासायला आणून दिलं.

ही आटपाडीकडच्या मेंढपाळाची मुलगी. तिचे वडील दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या रहिमतपूरच्या बाजूला यायचे आणि बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. त्या वाटेवरचा मुक्काम न् मुक्काम तिने वडिलांना विचारून, स्वतः चालून लिहिला होता. लय भारी लिहिलं होतं.

मी ते उचललं आणि काहीही छापणाऱ्या एका मासिकाकडे पाठवलं. वर आधी दोघांची नावं टाकली होती. मग एकट्याच्या निबंधाला गुण जास्त असतात हे आठवलं, आणि तिचं नाव काढलं. ‘घाईत राहून गेलं,’ असं मी बायकोलाही सांगितलंय. साफ खोटं. माझ्या हाताने पुसलं.

प्राध्यापक झालो, पेढे वाटले. तिने पेढा घेतला आणि वाकून माझ्या पाया पडली. शी! अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन वर्षांनी तिने प्रबंध जमा केला. मजकूर चोरीचा नाही ना, हे हल्ली संगणकावर तपासतात. तिसरं प्रकरण सगळं लालेलाल आलं. ग्रंथालयातला माणूस मला हसत म्हणाला, “सर, पोरीनं तुमच्याच लेखावर हात मारला की!”

ती तो अहवाल घेऊन माझ्या खोलीत आली. एका बाजूला तिच्या ओळी, दुसऱ्या बाजूला त्याच ओळी आणि माझं नाव. मला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“सर, माझी डिग्री गेली का हो?” एवढंच म्हणाली.

करायचं काय ते मला लख्ख ठाऊक होतं. विद्यापीठाला दोन ओळी लिहायच्या: लेखन हिचं, चोर मी. लिहिल्याही. मग पद जाईल, गावात छी-थू होईल, या भीतीने कागद फाडला आणि तिला म्हटलं, “घाबरू नकोस. तेवढ्या मजकुराला अवतरणचिन्हं घाल, खाली माझ्या निबंधाचा संदर्भ दे. सुटशील.” तिने मान हलवली. आपल्याच लेखनाखाली पानोपानी माझं नाव घातलं, आणि प्रबंध सुटला.

तोंडी परीक्षा ऐकायला कुणालाही बसता येतं, म्हणून तिचे वडील आले होते. शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. बाहेरचे परीक्षक म्हणाले, “कोवळी ज्वारी खाऊन अकरा मेंढरं एका दुपारी मेली, ही हकीकत तुम्हाला कुठे मिळाली?”

ती म्हणाली, “सरांच्या निबंधात.”

डिग्री जाहीर झाली, टाळ्या झाल्या. बाहेर चहाला तिचे वडील सरळ माझ्याकडे आले.

“आवं सर, ती अकरा मेंढरं माझी हुती. तवा मी आन माझं कुत्रं, तिसरं कुणी न्हवतं. तुमाला कुणी सांगितलं?”

“तुमच्या मुलीने,” मी म्हणालो. सगळ्या प्रकरणात मी एवढं एकच खरं बोललो.

“व्हय? मग ती तुमचं नाव का सांगत हुती?”

टोमणा नव्हता. माणूस खरंच विचारत होता.

तेवढ्यात ती दोन कप घेऊन मध्ये आली. “आबा, च्या घ्या, गार हुतोय,” म्हणत एक कप त्यांच्या हातात दिला. दुसरा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.