सासऱ्यांचा डोंगर

डोंगराचा जेवढा अभिमान माझ्या सासऱ्यांना होता, तेवढा खुद्द सह्याद्रीलाही नसेल. बिद्रीच्या पलीकडे, त्यांच्या गावामागे एक बोडका डोंगर होता. त्यावर ना किल्ला, ना देऊळ. माथ्यावर नुसता काळ्या कातळाचा सडा, गवत आणि भणाणणारा वारा. दर रविवारी धोतर खोचून, छत्री घेऊन ते तो चढत. जोतिबाला का जात नाही, असं कुणी विचारलं की म्हणत, "जोतिबाला समदी दुनिया जातीया. ह्याला माझ्याबिगर कोन हाय?" श्रावणात कातळावर बोटभर उंचीची फुलं आली, की शेजारणीनं नुकत्याच सारवलेल्या अंगणातून जावं तसे ते चवड्यांवर चालत आणि मागच्याला दम भरत, "पाय बघून टाका की."

मुलगी बघायला आलेल्या मुलाला पोह्यांच्या आधी डोंगर, हा त्यांचा नियम. माझ्या आधीचे तिघे त्यातच बाद झाले होते. ही सत्तर-बहात्तरची गोष्ट. मी कोल्हापुरात कारकून होतो. मुलगी मला एका लग्नात दिसली होती आणि तेव्हापासून कचेरीत माझं लक्ष लागत नव्हतं. त्यामुळे डोंगर चढणं भागच होतं, आणि पायांत मात्र मिरवायला घेतलेल्या कोऱ्या करकरीत चपला. पहिल्याच चढाला दोन्ही अंगठे सोलले. सासरे थांबले की मी थांबे, ते निघाले की मी निघे. पुढं जायची ताकदच नव्हती. पाय दुखतात हे सांगायची लाज वाटत होती, म्हणून त्यांना आपलं पिकापाण्याचं विचारत राहिलो. वर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात मुलीचा निरोपही घेऊन टाकला होता.

खाली आल्यावर त्यांनी सोप्यातूनच आत हाक दिली, "पोहे आना. आधीची तिघं मला मागं टाकून वर जाऊन बसली. पोरीलाबी तशीच टाकली असती. हे पावणं शेवटपातूर संगट चाललं."

मी सोललेले अंगठे मांडीखाली दडवले आणि पोह्यांची बशी घेतली.

पुढं कितीतरी वर्षं त्यांनी हा किस्सा साऱ्या भावकीला ऐकवला. मी मान खाली घालायचो, तर त्यालाही ते विनय समजायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरला, तेव्हा खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. सांगवलं नाही. इतक्या भल्या माणसाशी मी तेवढंच खोटं वागलो, आणि ते मला अजून लागतं. आता बायकोचे गुडघे दुखतात. मंडईतून येताना ती चार पावलं चालून थांबते. मी पिशव्या खाली ठेवतो आणि तिच्याशेजारी उभा राहतो. माझे पाय अजून ठणठणीत आहेत.