अभिप्रायाच्या वहीचा तपास

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, त्यांच्या फायली आता डोक्यात एकमेकींत मिसळतात. पण एका हरवलेल्या वहीचा तपास मला पानापानासकट आठवतो. तेव्हा निवृत्तीला वर्षही उरले नव्हते.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या पट्ट्यातले ते एक मोठे गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातल्या मुख्य चौकात एक शिल्प उभे करायचे ठरले होते. त्यासाठी सुशोभीकरण समिती नेमली होती. समितीने शिल्पकारांकडून नमुने मागवले आणि त्यांतले दोन शेवटच्या फेरीत आले. एक होता पोलादी उसाचा. उसाची उंच मोळी, खाली कारखान्याची चाके आणि मधून कारंजे. दुसरा मोटेचा. विहीर, पाण्याची चामडी मोट ओढणारी बैलजोडी आणि मागे आसूड उगारलेला शेतकरी. हा नमुना पुण्यात शिकलेल्या एका तरुण शिल्पकार मुलीने केला होता.

समितीने एक चांगली गोष्ट केली होती. दोन्ही नमुने सभागृहात आठवडाभर लोकांना पाहायला ठेवले आणि शेजारी टेबलावर लाल बांधणीची अभिप्रायाची वही ठेवली. लोकांचे मत पाहूनच निवड करू, असे जाहीर केले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे लिहून घ्यायला एक लिपिक बसवला.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती वही गायब झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात पोहोचलो तेव्हा व्हरांड्यात दोन गट समोरासमोर उभे होते. उसाच्या बाजूचे म्हणत होते, मत आमच्याकडे होते म्हणून मोटवाल्यांनी वही पळवली. मोटवाले नेमके उलटे सांगत होते. ठाणे अंमलदाराने दोघांना बाकावर बसवून पाणी दिले होते. गरम डोक्याच्या माणसाला आधी पाणी द्यावे, मग प्रश्न विचारावा, ही आमच्या ठाण्याची जुनी रीत होती.

समितीचा तक्रारी अर्ज आला. एका वहीसाठी लगेच गुन्हा दाखल करावा असे मला वाटेना. स्टेशन डायरीला नोंद घेतली, जागेचा पंचनामा केला आणि चौकशी सुरू केली. सभागृहात एक कॅमेरा होता, पण त्याचे तोंड नमुन्यांकडे होते. वहीचे टेबल त्यात येत नव्हते. वही कोण चोरेल असे कोणाच्या मनातही आले नसावे.

लिपिकाला समोर बसवले. बिचारा घाबरला होता.

“साहेब, चारच्या सुमाराला चहाला गेलो. आलो तर वही नाही.”

“त्या वेळी सभागृहात कोण होतं?”

“येणारे जाणारे. शेवटचा दिवस, गर्दी होती. कोणावर संशय घेऊ?”

दोन्ही गटांतल्या तापट माणसांना एकेक करून बोलावले. एक जण आवाज चढवून बोलत होता. आवाज चढवणारा खोटेच बोलतो असे नाही, हे मी नोकरीत उशिरा शिकलो. त्या दिवशी तो माणूस सासुरवाडीला होता आणि तसे साक्षीदार होते. दुसऱ्या गटाचा एक जण काखेत लाल बांधणीची वही घेऊन जाताना दिसला होता. ती निघाली शाळेची हजेरी. दोन दिवस असेच गेले. तिकडे दोन्ही गटांनी चौकात मोर्चा काढायची परवानगी मागितली. एका वहीपायी गावात डोकी फुटायची वेळ आली होती. दिवसातून तीनदा वरून फोन येत होता.

तिसऱ्या दिवशी आमचा बीट हवालदार आत आला. हा माणूस कधी घाईने बोलत नसे. म्हणाला, “साहेब, एसटी स्टँडवर पेरू विकणारी एक बाई आहे. तिचं म्हणणं ऐकून घ्या.”

मी स्वतःच गेलो. बाई टोपलीतले पेरू पुसत होती. हातातले काम न थांबवता तिने सांगितले,

“सायेब, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा हुता. लाल वही घिऊन हितंच बाकावर बसला हुता. येनाऱ्या-जानाऱ्याला म्हनायचा, बाबा, येवढं पान वाच. कुनी वाचलं की म्हनायचा, नीट वाच, आजून आसंल. तिघाचौघांनी वाचलं. समदी हसली आन् गाडीत बसली.”

“मग गेला कुठं?”

“निरवांगीच्या गाडीत बसला. लेकीकडं निघालो म्हनत हुता.”

ठाण्यात येऊन मी कॅमेऱ्याचे चित्रण पुन्हा लावले. पांढऱ्या मिशांचा म्हातारा त्यात होताच. तीन दिवस रोज येऊन तो मोटेच्या नमुन्यासमोर तासतासभर उभा राहिला होता. पहिल्यांदा पाहताना मी तो भाग भराभर पुढे सरकवला होता. वेळ जात नसेल म्हणून आला असेल, असे धरून चाललो होतो. सराईत चोर शोधणाऱ्या नजरेला साधा माणूस दिसत नाही.

लिपिकाला विचारले. तो लगेच म्हणाला, “तो होय! रोज येऊन डोकं खायचा. घेतलं की लिहून त्याचं.”

जीप काढून मी आणि हवालदार निरवांगीला गेलो. विचारत गेलो तर लेकीचे घर वस्तीवर सापडले. पांढऱ्या मिशांचे ते आजोबा, वस्तीवर सगळे त्यांना आबा म्हणत, लिंबाखाली बाजेवर बसले होते. जीप पाहून ते उठले नाहीत, पळाले तर नाहीतच. उशाची पिशवी ओढून त्यांनी वही काढली आणि माझ्यापुढे धरली.

“ह्याच्यासाठीच आला आसाल.”

“आबा, वही का चोरली?”

“चोरली न्हाय, सायेब. माझं बोलनं हाय त्यात. मी पाऊन तास सांगत हुतो आन् त्येचं पेन दोन बोटं चाललं. म्हनलं, एवढं बोलनं दोन बोटांत कसं मावलं? मावलं आसंल तर चांगलंच हाय, पन बघाया नगं?”

“मग तिथंच कुणाकडून वाचून घ्यायचं.”

“त्याच्याम्होरं कोन वाचनार? त्यो चहाला गेला आन् मी पिशवीत टाकली. स्टँडवर वाचून घ्येतलं तर समदी येकच सांगत्यात. मला वाटलं गाडीच्या घाईत वाचत्यात. लेक डाळिंब तोडाया चार दिस परगावी गेलीया, आज सांजंला येनार. ती आली की वाचून घ्येनार आन् उद्याच्या गाडीनं वही परत. आता तुमी आलायसा, तर तुमीच वाचा.”

त्यांनी पान उघडून दिले. त्या पानावर अंगठ्याचा निळा ठसा होता. वर एक ओळ लिहिली होती. मी ती मोठ्याने वाचली.

“शिल्प छान आहे. शुभेच्छा.”

आबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. “म्होरं?”

“एवढंच आहे, आबा.”

“पोलीस हायसा, तुमी खोटं वाचनार न्हाय.” एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली. हवालदाराने उगाचच टोपी काढून हातात घेतली.

मी विचारले, “तुम्ही काय सांगितलं होतं?”

आबा उठले. आवाज आता वेगळाच झाला होता. पायाने माती सारून त्यांनी विहिरीचा गोल काढला आणि उताराची धाव आखली. दोन काटक्या बैल म्हणून मांडल्या.

“त्या पोरीनं बैलांची तोंडं हिरीकडं केल्यात. हिरीकडं तोंड करून बैल पानी वढंल का, सायेब? हिरीकडं पाठ करून बैल धाव उतरत्यात, तवा मोटंचा जाडजूड नाडा तानतो आन् मोट वर येती. वर आली की दुसरा बारका दोर, सोंदूर, तिचं तोंड वढून धरतो आन् पानी थारोळ्याच्या कुंडीत पडतं. मग बैल उलट्या पावली माघारी येत्यात. त्या पोरीनं दोर येकच दिलाय. सोंदूरच न्हाय. पानी सांडंल कसं? आन् मोट हाकनारा आसूड उगारून उभा हाय! आमी नाड्यावर बसायचो. आपलं वजन द्यायचं, जनावराला तेवढाच आराम. वर बसून गानं म्हनायचं.”

मी ऐकत होतो. माझे लहानपण कन्हेरी गावात गेले. आमच्या विहिरीवर मोट होती. पहाटे चाकाच्या कुरकुरीने मला जाग यायची. वडील नाड्यावर बसून धावेवरून खाली यायचे, आणि पाय जमिनीला लागले की मला हात करायचे. पुढे इंजिन आले. चाक बरेच दिवस माळवदावर पडून होते, नंतर कुठे गेले कळले नाही. चौकशीच्या निमित्ताने मी तो नमुना तीन वेळा पाहिला होता. बैल उलटे उभे आहेत हे मला एकदाही दिसले नाही. वडिलांच्या हातात मी कधी आसूड पाहिला नव्हता, तेही आठवले नाही. जे डोळ्यांदेखत घडले होते तेच मी विसरलो होतो, आणि एका निरक्षर माणसाने काटक्या मांडून ते मला परत दाखवले.

मी हवालदाराला कागद काढायला सांगितले. आबांचा जबाब मी स्वतः लिहिला. नेहमीची सुरुवात लिहिली आणि पुढे हात थांबला. वहीत जे झाले तेच मी कागदावर करणार होतो. मग आबा बोलले तसे, त्यांच्याच शब्दांत लिहीत गेलो. साडेतीन पाने झाली. वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी म्हणाले, “थांबा, तितं नाडा म्हना, दोर नगं.” मी दुरुस्ती करून घेतली. मग त्यांनी अंगठा दिला.

वही मिळाल्याचे कळताच दोन्ही गट थंड झाले. समितीने तक्रार पुढे चालवायची नाही असे लेखी दिले आणि मी अर्ज निकाली काढला. एवढ्यावर माझे काम संपत होते. पण मी समितीच्या अध्यक्षांना विनंती केली की, निवडीच्या बैठकीत या आबांना पाच मिनिटे बोलू द्या. अध्यक्षांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हो म्हणाले.

बैठकीला ती शिल्पकार मुलगी आली होती. आबा बोलू लागले तसा तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटले रागावली. ती म्हणाली,

“आजोबा, बैलांचे चेहरे रस्त्यावरून दिसावेत म्हणून मी ते तिकडे वळवले. मी मोट चालताना कधी पाहिलीच नाही. फोटोवरून केलं.”

“पोरी, तुझं बैल झ्याक झाल्यात. शिंगं बघून माझ्या जोडीची याद आली. म्हनून तर तीन दिस येत हुतो. नुसतं फिरव त्यास्नी.”

ती खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. “नाड्यावर कसं बसायचं, ते दाखवाल?”

आणि समितीच्या त्या भरल्या सभागृहात आबांनी एका बाकाच्या कडेवर बसून, दोन्ही हातांनी न दिसणारा नाडा धरून दाखवला. पाय किती उचलायचे, मान कुठे वळवायची, सगळे. ती अभिप्रायाच्या त्याच वहीच्या मागच्या पानांवर भराभर रेखाटत होती. उसाच्या बाजूचा जो माणूस ठाण्यात आवाज चढवून बोलला होता, तोच मागून म्हणाला, “आबा, गानं पन म्हना की!” आबांनी दोन ओळी म्हटल्या. तिथल्या पिकल्या केसांच्या माणसांना त्या ओळी येत होत्या, ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

मोटेची निवड झाली. उसाची मोळी पुढे दुसऱ्या रस्त्यावर उभी राहिली, त्यामुळे तो गटही राजी झाला. शिल्प उभे राहीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. अनावरणाला मी आबांना निरवांगीहून घेऊन आलो. बैलांची पाठ विहिरीकडे होती. नाडा होता, सोंदूर होता, आणि नाड्यावर बसलेला माणूस तोंड उघडून गात होता. आबांनी शिल्पाभोवती एक फेरी मारली. “सोंदूर जरा जाड झालाय,” म्हणाले, पण मिशीत हसत होते.

चौथऱ्यावर संगमरवरी पाटी होती. त्यांनी विचारले, “काय लिवलंय?” मी सगळी पाटी वाचून दाखवली. उद्घाटक, अध्यक्ष, सदस्य, शिल्पकार. त्यांचे नाव नव्हते. मला वाचताना लाज वाटली. ते म्हणाले, “आसू द्या, सायेब. बैल बरुबर हुबं हायत.” आता आबा नाहीत. त्या चौकातून जाताना मी गाडी हळू करतो.

या प्रकरणात अटक झाली नाही, बक्षीस मिळाले नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. पण त्याने मला माझ्या सगळ्या नोकरीकडे पुन्हा बघायला लावले. हजारो लोकांचे जबाब मी माझ्या भाषेत लिहिले असतील. माणूस रडत तासभर सांगायचा आणि मी ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची झाली’ असे लिहून मोकळा व्हायचो. खाली छापील ओळ असायची की जबाब वाचून दाखवला, तो सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. किती जणांना खरेच वाचून दाखवला, ते माझे मला ठाऊक. त्या लिपिकाला मी कधी दोष दिला नाही. त्याने एकाच माणसाचे बोलणे दोन बोटांत बसवले होते.

निवृत्तीपर्यंतचे जे महिने उरले होते, त्यात मी एक शिस्त पाळली. बोलणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत आणि वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. ठाण्यातले तरुण अंमलदार कंटाळत. एकदा ऊसतोडणीच्या तळावरची एक बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आली. तिचा जबाब मी सावकाश वाचून दाखवला. ती आधी खाली बघत ऐकत होती. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मान वर केली आणि म्हणाली, “सायेब, ह्ये तर मीच बोलतीया.”