कडेची बाई

सकाळी डार्करूममध्ये शिरली की प्रेमलता दार लावून घ्यायची, कडी घालायची आणि लाल दिवा न लावता नुसती उभी राहायची. मिट्ट काळोखात, डोळे ताणून. कुठल्या फटीतून उजेड आत शिरतोय का, ते बघायला. सुईएवढी तिरीप सापडली तरी म्हणायची, "आलास का मेल्या!" आणि काळ्या कागदाचा बोळा त्या फटीत असा कोंबायची, जणू कुणाचं तोंडच बंद करतेय.

ही खोली मुळात केळी पिकवायची. आगाशीतल्या तिच्या सासरच्या वाडीत घड उतरले की या बिनखिडकीच्या खोलीत रचून धूर देत. वाडी आक्रसत गेली, खोली रिकामी पडली. प्रेमलताच्या नवऱ्याने रस्त्याला लागून फोटो स्टुडिओ काढला तेव्हा त्या खोलीची आपसूक डार्करूम झाली. फोटो तो काढायचा, प्रिंट ही काढायची. भिंतींना हायपोचा, फोटो धुवायच्या औषधाचा, उग्र दर्प चिकटला, तरी पावसाळ्यात एका कोपऱ्यातून पिकल्या केळ्यांचा वास यायचाच.

नवरा लग्नाचे फोटो काढायला पार खाडीकाठच्या गावांपर्यंत जायचा. रोल धुऊन झाला, निगेटिव्ह फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरमध्ये गेलं, की यातलं कोण कापलं जाणार हे प्रेमलताला गिऱ्हाईक यायच्या आधीच कळायचं. रीतच होती तशी. घरात एखादी विधवा बहीण, एखादी टाकलेली आत्या असली तर तिला रांगेतून हाकलत नसत. चार पाहुण्यांत ते बरं दिसत नाही. तिला कडेला उभी करत. तीही पदर सावरून हसायची. तिला वाटायचं, आपणही आलो. मग घरातला कुणी कर्ता पुरुष स्टुडिओत येऊन हळूच सांगायचा, "वैनी, ती कडंची काढून टाका. मुद्दाम कडंला उभी केलीय. कोनाला कळत पन नाय."

प्रेमलता कागदावरच्या चौकटीची पट्टी आत सरकवायची. पट्टीखाली बाई नाहीशी. कागद पाण्यातून निघायचा तो तिच्याशिवायचा.

"रांगेत उभी करायची आणि पाठीमागे कापायची," ती नवऱ्यावर तडकायची. "त्यापेक्षा तोंडावर सांगा ना, बाई गं, तू नको आहेस म्हणून!"

"फोटो गिऱ्हाइकाचा, कात्री गिऱ्हाइकाची," नवरा म्हणायचा. "तू कशाला रक्त आटवतेस?"

मग नवरा गेला. फिल्मचे रोलही गेले. स्टुडिओत पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स सुरू झालं, डार्करूमला कुलूप लागलं. आणि अलीकडे कॉलेजची पोरं आजोबांचे जुने कॅमेरे गळ्यात अडकवून फिरायला लागली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, आगाशीला एक काकी अजून हाताने प्रिंट काढते. कुलूप निघालं. साठी उलटलेली प्रेमलता पुन्हा काळोखात उभी राहून उजेडाला शिव्या द्यायला लागली.

गेल्या थंडीत तिच्या पुतण्याचं, निमिषचं, लग्न झालं. चंदनसारच्या हॉलमध्ये. रंगीत फोटोंचं मोठं कंत्राट होतंच, पण निमिषचा मित्र संकेत याने हौसेने दोन काळे-पांढरे रोलही काढले. "प्रिंट मीच काढणार," प्रेमलताने सांगून टाकलं. "तोच माझा आहेर." रोल धुतले, सगळे फोटो लहान लहान आकारात एकाच कागदावर उतरवले आणि निवडायला दिराच्या घरी पाठवले.

कागद परत आला. घरच्या सगळ्या मंडळींचा जो मोठा फोटो दिराच्या घरच्या हॉलमध्ये लागणार होता, त्याच्यावर लाल पेन्सिलीची उभी रेघ होती. प्रेमलताने भिंग लावलं. रेघेच्या आत सगळी होती. रेघेबाहेर उजव्या कडेला एकच बाई, अबोली रंगाची साडी फोटोत करडी झालेली, हात पुढे बांधलेले, हसतेय.

ती स्वतःच होती.

तिने भिंग डावीकडे नेलं. डाव्या कडेला, दीर रामचंद्राच्या शेजारी, लग्नाच्या हॉलचा अवाढव्य कूलर उभा होता. पाण्याच्या नळीसकट, अख्खा. त्याला पेन्सिल लागलेली नव्हती.

हाताला औषधाचा वास तसाच, ती तडक दिराच्या घरी गेली. जाऊ, सीमा, ओट्यावर मटार सोलत होती.

"ही रेघ कुणाची?"

"या ना वहिनी, बसा तरी."

"बसायला नाही आले. रेघ कुणाची?"

सीमाने कागद बघितला आणि तिचे हात थांबले. "अहो, फ्रेम आधीच आणलीय. तिच्यात बसत नाही म्हणे फोटो. तीन इंच कुठून तरी जाणारच."

"मग कूलर होता की तीन इंचांचा! तो तुमचा कोण लागतो? सख्खा मामा?"

"वहिनी, एक सांगू? चिडू नका." सीमा चाचरली. "तुम्हाला कडेला कुणी उभं केलं? मी हाका मारत होते, मधे या, मधे या. तुम्हीच जाऊन तिथे उभ्या राहिलात."

प्रेमलताने कागद परत घेतला. खरं होतं ते. संकेत बिचारा परका मुलगा, त्याला रीत कुठली ठाऊक! तो म्हणाला, सगळे उभे राहा, आणि तिचे पाय आपोआप त्या जागेकडे गेले होते. इतकी वर्षं ती जागा तिने काळोखात पाहिली होती, ती तिला पाठच झाली होती. तिला स्वतःच्या पायांचा इतका संताप आला की कानशिलं तापली.

"असू दे," ती म्हणाली. "उभी मी राहिले. रेघ कुणी मारली?"

आतल्या खोलीतून वर्तमानपत्राचा आवाज आला. मग रामचंद्राचा. "मी मारली वहिनी. शुभकार्याचा फोटो, दर्शनी भिंत. चार लोक बघणार. तुम्हाला काय नवीन आहे? रीत तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत."

"माहीत आहे म्हणूनच विचारायला आले," ती म्हणाली. "तुमच्या दादाच्या मागे तुमच्या निमिषची फी भरली, तेव्हा मी कुठल्या कडेला उभी होते, भावजी?"

आत वर्तमानपत्राचं पान उलटलं. मटार तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या फ्रेमच्या मापाचाच प्रिंट काढला. तीन इंच कापले, पण डावीकडचे. कूलर गेला, आणि कूलरबरोबर रामचंद्राचा खांदा आणि एक कान. उजवी कड मात्र शाबूत. पाकिटात घालून पाठवून दिला.

रामचंद्र स्वतः स्टुडिओत आला. "वहिनी, हे काय? मी वरबाप आहे!"

"तीन इंच कुठून तरी जाणारच ना, भावजी."

"लोक हसतील."

"हसू दे की. मी हसलेच होते त्या फोटोत, कुणी बघितलं?"

तो प्रिंट काउंटरवर आपटून निघून गेला. नवी सून खुशी हिने तो उचलून बघितला. ती आणि निमिष त्याच्या मागोमाग आले होते. "बाबांचा कान!" म्हणून तिला हसू फुटलं आणि मग ते विरलं. "काकी, पण सगळा फोटो बसेल अशी फ्रेम नसते का?"

"असते," प्रेमलता म्हणाली. "आणायची असली तर असते."

निमिष मान खाली घालून ऐकत होता. संध्याकाळी तो विरारला जाऊन मोठी फ्रेम घेऊन आला. प्रेमलताने निगेटिव्हच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा फोटो छापला, कूलरसकट, नळीसकट. चौकटीची एकही पट्टी आत घेतली नाही.

फोटो लावला त्या दिवशी ती दिराच्या हॉलमध्ये उभी होती. चहाला हात लावला नाही. रामचंद्र पेपरातून वर बघेना, आणि तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. माफी त्याने मागितली नाही. तिने दिलीही नसती.

त्याच दुपारी ती घरी जाऊन जरा पडली, ती उठलीच नाही. पुढे कुणी विचारलं, काकी शेवटी काय बोलल्या, तर निमिष सांगतो, काही विशेष नाही. तो स्टुलावर चढला होता, हातोडी हातात, आणि ती खालून ओरडली होती:

"आधी खिळा ओढून बघ घट्ट बसलाय का, आणि मग उतर, घाई करू नकोस."